दगडाचं नाव शेवटी विचारा: भूविज्ञानाची आणि भूविविधतेची पहिली ओळख

भूविज्ञान शिकवायला घेतलं की बहुतेक वेळा सुरुवात नावांपासून होते. अग्निज, गाळाचे, रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार, प्रत्येकाची चार-चार उदाहरणं आणि फळ्यावर खडकचक्राची आकृती. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहून येतात आणि विसरून जातात. यात त्यांचा दोष नाही. ज्या प्रश्नांची ही उत्तरं आहेत, ते प्रश्न त्यांना कधी पडलेलेच नसतात. तोच दगड हातात देऊन दहा मिनिटं नुसता पाहायला सांगितला, तर प्रश्न सुरू होतात. यातले कण एवढे मोठे कसे? हे चकाकतंय ते काय? बाहेरून तपकिरी आणि आतून काळा का? आधी पाहायचं, मग तपासायचं, मग अंदाज बांधायचा आणि सगळ्यात शेवटी नाव द्यायचं, हा क्रम पाळला तर बारा-तेरा वर्षांचं मूलही खडकाबद्दल पुराव्यानिशी बोलू लागतं. हा लेख अशा मुलामुलींसाठी आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडणाऱ्या मोठ्यांसाठी आहे.

भूविविधता म्हणजे नेमकं काय

खडक, खनिजं, जीवाश्म, माती, डोंगर-दऱ्या-किनारे ही भूरूपं आणि हे सगळं घडवणाऱ्या प्रक्रिया (नदीचं वाहणं, हिमनदीचं सरकणं, ज्वालामुखीचा उद्रेक) यांच्यातली विविधता म्हणजे भूविविधता. युनेस्कोने ६ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय भूविविधता दिन ठरवला असून २०२२ पासून तो पाळला जातो. तरीही जैवविविधतेच्या मानाने हा विषय मागेच राहतो. दगड काय, जिथल्या तिथे पडलेले असतात, ते कुठे नाहीसे होणार, असं वाटतं. शिवाय जीवसृष्टीशी त्यांचं नातं चटकन दिसत नाही.

ते नातं किती घट्ट आहे, हे सर्पेंटिनाइट या हिरवट, गुळगुळीत खडकावरून कळतं. पृथ्वीच्या प्रावरणातल्या (कवचाखालच्या जाड थरातल्या) खडकात पाणी शिरून त्यातली खनिजं बदलली की तो तयार होतो. त्याच्या मातीत मॅग्नेशियम भरपूर, कॅल्शियम अगदी कमी, आणि निकेल व क्रोमियमचं प्रमाण बहुतेक वनस्पतींना सोसवणार नाही इतकं असतं. शेजारच्या मातीत दाट वाढणारं जंगल या खडकाच्या सीमेवर अचानक विरळ होतं आणि तिथून पुढे वेगळ्याच वनस्पती दिसू लागतात. त्यातल्या काहींनी निकेल पानांत साठवायची सवय लावून घेतली आहे. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाचा चीक तर निकेलमुळे निळा-हिरवा दिसतो. खडक बदलला म्हणून माती बदलली आणि माती बदलली म्हणून झाडं बदलली, हे तिथे काही पावलांच्या अंतरात पाहता येतं.

दगड वाचायची सुरुवात

पहिलं साधन दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग. ते वापरताना जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो: भिंग दगडाजवळ धरतो आणि स्वतः लांबून पाहतो. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि दगड हळूहळू भिंगाकडे आणायचा. साधारण अडीच सेंटीमीटरवर चित्र एकदम स्पष्ट होतं. पाठ सूर्याकडे करू नका, नाहीतर स्वतःचीच सावली दगडावर पडते.

पाहायचा तो ताजा फुटलेला पृष्ठभाग. हवा आणि पाणी लागून दगडाच्या बाहेर एक बदललेला थर तयार होतो. लोह असलेल्या काळ्या खडकावर तो तपकिरी किंवा पिवळसर असतो, आणि फक्त त्याच्या रंगावरून केलेला अंदाज हमखास चुकतो. यासाठी उघड्या कड्यावर घाव घालायची गरज नाही. पायथ्याशी सुटे तुकडे पडलेले असतात, त्यातला एखादा ताजा तुटलेला शोधा. सुटा दगड फोडायचाच झाला तर डोळ्यांवर संरक्षक चश्मा हवा आणि हातोडी भूवैज्ञानिकांची हवी. सुतारकामाच्या हातोडीचं तोंड ठिसूळ असतं. दगडावर मारल्यावर त्याची पोलादी कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.

आता भिंगातून पाहा. कण एकमेकांत कसे बसले आहेत, हा पहिला आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांसारखे ते एकमेकांत अडकले असतील, मध्ये मोकळी जागा नसेल, तर खडक वितळलेल्या द्रवातून थंड होत घडला असण्याची, म्हणजे अग्निज असण्याची शक्यता मोठी. उलट, सुटे गोलसर कण बारीक गाळाने किंवा एखाद्या खनिजाने चिकटवल्यासारखे दिसले, तर तो गाळाचा खडक. शंका आली तर पाण्याचा थेंब टाका. वालुकाश्मात तो बऱ्याचदा जिरतो, ग्रॅनाइटवर तसाच राहतो. आणि चपटी खनिजं सगळी एकाच दिशेने रांगेत झोपलेली दिसली, किंवा फिकट-गडद पट्टे दिसले, तर खडक जमिनीखाली दाब आणि उष्णता सोसून बदलला आहे, म्हणजे रूपांतरित आहे. संगमरवर आणि क्वार्टझाइट मात्र इथे फसवतात. दोन्ही रूपांतरित, पण बहुधा एकाच खनिजाचे बनलेले, त्यामुळे पट्टे दिसतीलच असं नाही.

कणांचा आकार खूप काही सांगतो. अग्निज खडकात तो थंड होण्याचा वेग सांगतो. जमिनीखाली काही किलोमीटरवर संथपणे थिजलेल्या ग्रॅनाइटमध्ये स्फटिक वाढायला भरपूर वेळ मिळतो, ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पृष्ठभागावर पसरलेल्या लाव्हाचा बेसाल्ट लवकर थिजतो, म्हणून त्याचे कण भिंगातूनही जेमतेम दिसतात. आणि स्फटिक बनायला वेळच मिळाला नाही तर ऑब्सिडियन ही नैसर्गिक काच तयार होते. गाळाच्या खडकात हाच आकार पाण्याचा जोर सांगतो. २ मिलिमीटरपेक्षा मोठे कण म्हणजे खडी-गोटे, त्याखाली एक-सोळांश मिलिमीटरपर्यंत वाळू, मग पोयटा आणि एक-दोनशेछप्पन्नांश मिलिमीटरपेक्षा बारीक ती चिकणमाती. गोटे वाहून न्यायला उसळता प्रवाह लागतो. चिकणमाती बसायला जवळजवळ स्थिर पाणी लागतं. म्हणजे एकाच कड्यात खाली गोटे आणि वर चिकणमाती दिसली, तर त्या ठिकाणचं पाणी हळूहळू शांत होत गेलं, असं वाचता येतं.

ओरखडा, रेघ आणि थेंब

खनिज ओळखायला रंग सगळ्यात कमी भरवशाचा. क्वार्ट्झ (गारगोटी) पांढरा, गुलाबी, जांभळा, धुरकट, कसाही असतो. त्यापेक्षा कठीणपणा बरा. खनिजतज्ज्ञ फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली १ ते १० ची श्रेणी आजही वापरतात: १ वर शंखजिरं, ३ वर कॅल्साइट, ७ वर क्वार्ट्झ, १० वर हिरा. हे आकडे फक्त क्रम सांगतात, माप नाही. ९ वरच्या कुरुविंदापेक्षा हिरा साधारण चौपट कठीण आहे, एका पायरीने नाही. हाताशी असलेली मापं अशी: नख सुमारे २.५, तांब्याचं नाणं सुमारे ३, काच आणि चाकूचं पातं साधारण ५.५. पांढऱ्या दगडावर चाकूने ओरखडा उठला तर तो क्वार्ट्झ नाही, आणि दगडाने काच कापली तर तो कॅल्साइट नाही. काच नेहमी टेबलावर सपाट ठेवून वापरा, हातात धरून कधीच नाही.

चूक होते ती ओरखडा समजण्यात. कधी खनिजाऐवजी चाकूच झिजतो आणि त्याची राखाडी रेघ दगडावर उमटते. ओल्या बोटाने पुसा: रेघ गेली तर तो ओरखडा नव्हता. दुसरा सापळा भुसभुशीत वालुकाश्माचा. चाकूने त्यातले कण निखळून पडतात आणि खडक मऊ वाटतो, पण प्रत्येक कण क्वार्ट्झचा, म्हणजे ७ चा असू शकतो. ही कसोटी एका खनिजाच्या कणावर करायची असते, पूर्ण खडकावर नाही.

रंगापेक्षा भुकटीचा रंग कितीतरी विश्वासाचा. न चकाकवलेल्या चिनी मातीच्या फरशीच्या मागच्या बाजूवर खनिज घासलं की त्याची रेघ उमटते. हेमाटाइट चंदेरी असो, काळं असो, त्याची रेघ लालसर तपकिरीच येते. मॅग्नेटाइटची काळी येते आणि ते चुंबकाला चिकटतं. सोन्यासारख्या पिवळ्या पायराइटची रेघ हिरवट काळी, खऱ्या सोन्याची पिवळी.

चुनखडक ओळखायला आम्लाचा थेंब: त्यातल्या कॅल्साइटवर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. भूवैज्ञानिक सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, पण मुलांनी व्हिनेगर वापरावं. प्रतिक्रिया मंद होते, म्हणून चाकूने थोडी भुकटी करून तिच्यावर थेंब टाका आणि भिंगातून बुडबुडे पाहा. त्याआधी तसाच थेंब साध्या पाण्याचा टाकून पाहायला विसरू नका. सच्छिद्र दगडातली हवा बाहेर येतानाही बुडबुडे दिसतात. पाण्यानेही आले तर ती हवा आहे, कार्बन डायऑक्साइड नाही. वालुकाश्मही कधीकधी फसफसतो, तेव्हा फसफसणारे त्याचे कण नसून त्यांना चिकटवणारा कॅल्साइट असतो. डोलोमाइट हे कॅल्साइटसारखंच, पण मॅग्नेशियम असलेलं खनिज मात्र अखंड असताना थंड आम्लाला फारशी दाद देत नाही, भुकटी केल्यावरच प्रतिसाद देतं.

वजनकाट्यावर पृथ्वीचं पोट

आता एक प्रयोग जो आम्ही प्रत्येक गटाला करायला लावू. लागतं काय, तर ग्रॅममध्ये दाखवणारा डिजिटल वजनकाटा, एक भांडं, पाणी आणि दोरा. दगड कोरडा असताना वजन करा. समजा ते ३१८ ग्रॅम भरलं. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. दगड दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असा पाण्यात लोंबकळत धरा. तळाला किंवा कडेला तो लागता कामा नये. काटा समजा ११० दाखवतो. दगडाने ११० घन सेंटीमीटर पाणी बाजूला सारलं, म्हणजे त्याचं आकारमान तेवढं. ३१८ भागिले ११० म्हणजे २.८९, ही त्याची घनता ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरमध्ये. ग्रॅनाइट साधारण २.६ ते २.७ भरतो, बेसाल्ट २.८ ते ३.०. म्हणजे हा दगड बहुधा बेसाल्टच्या बाजूचा.

उत्तर चुकतं ते तीन कारणांनी. दगड तळाला टेकला की काट्यावर त्याचं वजनही येतं आणि घनता कमी निघते. पृष्ठभागावर हवेचे बुडबुडे अडकले तरी आकारमान वाढून घनता कमीच दिसते, म्हणून दगड पाण्यात हलवून घ्या. आणि दगड फार लहान असला तर काट्याची अचूकता पुरत नाही. २० घन सेंटीमीटरच्या दगडात एका ग्रॅमचा फरक पडला की २.६५ ऐवजी २.५ किंवा २.८ येऊ शकतं. १०० घन सेंटीमीटरच्या पुढचा दगड घेतला की ही अडचण बरीच कमी होते.

मग खरा प्रश्न विचारायचा. वीस-पंचवीस दगड मोजले, धातूंची खनिजं वगळता बहुतेक सगळे २.५ ते ३ च्या आसपास आले. पण संपूर्ण पृथ्वीची सरासरी घनता ५.५ आहे. मग उरलेलं वजन कुठे आहे? आपण कधीच हात लावू शकणार नाही अशा खोल भागात कवचापेक्षा खूप जड काहीतरी असलंच पाहिजे. दाबाने खडक दाटतो हे खरं, पण तेवढ्याने हिशेब लागत नाही. लोह-निकेलचा गाभा मानावा लागतो, आणि भूकंपलहरींच्या अभ्यासातूनही तो तसाच दिसतो. पुस्तकातली गाभ्याची आकृती मुलं वर्षानुवर्षं पाहतात. इथे ती का काढावी लागली, हे त्यांच्याच आकड्यांतून निघतं.

कड्यासमोर उभं राहिल्यावर

थरांचा कडा दिसला की आधी लांबून पाहा, मग जवळ जा. डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडलेले नियम इथे पुरतात: थर मुळात जवळजवळ आडवे साचतात, आणि खालचा थर वरच्यापेक्षा जुना असतो. त्यांना कापत जाणारी भेग किंवा शिलारसाची भिंत त्या थरांहून नंतरची.

थर कलले असतील तर कल मोजा. थराच्या पृष्ठभागावर थोडं पाणी ओता, ते ज्या दिशेला वाहील ती कलण्याची दिशा. त्या दिशेत सपाट वही टेकवून तिच्यावर फोनचं कोन मोजणारं ॲप ठेवा, कोन मिळेल. दिशेसाठी फोनचं होकायंत्र वापरताना चुंबक असलेलं कव्हर काढून ठेवा. मॅग्नेटाइट असलेल्या खडकालगत सुई बहकते, तेव्हा दोन पावलं मागे येऊन पुन्हा पाहा. आणि ज्या कड्यावरून दगड सुटतात त्याच्या थेट पायथ्याशी, पावसानंतरच्या उतारावर किंवा चालू खाणीत हे मोजमाप करायचंच नाही.

कधी घड्या पडून थर उलटेपालटेही झालेले असतात. तेव्हा खूण शोधावी लागते. चिखलाला पडलेल्या भेगा खाली निमुळत्या होतात, लाटांनी उमटलेल्या वळ्यांची टोकं वर असतात, आणि एकाच थरात जाड कण बहुधा तळाशी असतात. या खुणा उलट्या दिसल्या तर थर उलटा आहे.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या सिकार पॉइंटला भूवैज्ञानिक जेम्स हटन १७८८ मध्ये नावेने गेले, ते असंच वाचन करायला. तिथे खालचे थर जवळजवळ उभे आहेत आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर लाल वालुकाश्माचे थर हलक्या उताराने पहुडलेले आहेत. क्रम लावून पाहा: समुद्राच्या तळाशी गाळ आडवा साचला, खडक झाला, घड्या पडून उभा राहिला, वर आला, झिजून सपाट झाला, आणि मग त्याच्यावर पुन्हा वाळू साचून तिचाही खडक झाला. हटन यांच्याकडे वर्षं मोजायचं साधन नव्हतं, पण यातली प्रत्येक पायरी किती संथ असते हे त्यांना ठाऊक होतं. आज आपल्याला माहीत आहे की खालचे थर सुमारे ४३.५ कोटी वर्षांचे आहेत आणि वरचे सुमारे ३७ कोटी. त्या दोन रंगांमधल्या रेषेत साडेसहा कोटी वर्षं दडली आहेत.

हे आकडे येतात किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयातून. झिरकॉन हे खनिज तयार होताना युरेनियम सामावून घेतं आणि शिसं जवळजवळ घेतच नाही. पुढे युरेनियमचं शिसं होत जातं, त्या दोघांच्या प्रमाणावरून वय निघतं. कार्बन-१४ ने खडकाचं वय काढतात हा समज मात्र चुकीचा. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा क्षय व्हायला लागणारा काळ, ५,७३० वर्षांचं, त्यामुळे सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही, आणि तेही एके काळी जिवंत असलेल्या वस्तूंतच.

कोटींचे आकडे कानावरून जातात, म्हणून मैदानात ४५ मीटर ४० सेंटीमीटर दोरी ताणा. एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षं, एक सेंटीमीटर म्हणजे १० लाख. एक टोक आज, दुसरं टोक पृथ्वीचा जन्म. आजच्या टोकापासून ४४ मीटरवर ऑस्ट्रेलियात सापडलेले सर्वांत जुने झिरकॉनचे कण. सुमारे ३५ मीटरवर सूक्ष्मजीवांच्या जुन्यात जुन्या खुणा. ५ मीटर ४० सेंटीमीटरवर प्राण्यांचे विविध जीवाश्म भराभर दिसू लागतात. ६६ सेंटीमीटरवर डायनोसॉर संपतात आणि त्याच सुमारास दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरत असतात. भारतीय भूपट्ट आशियाला धडकतो ५० सेंटीमीटरच्या आसपास. त्या टकरीत समुद्रतळाचे थर इतके उचलले गेले की एव्हरेस्टच्या शिखरावर आज सागरी जीवाश्म असलेला चुनखडक आहे. आपल्या प्रजातीला ३ मिलिमीटर मिळतात. दोरीऐवजी वहीच्या पानावर ही पट्टी काढली तर शेवटच्या सगळ्या घटना एकाच ठिपक्यात जमा होतात आणि प्रयोग वाया जातो. जागा लागतेच.

काय आणायचं, काय तिथेच ठेवायचं

सुटा, वाहून आलेला गोटा परवानगी असेल तिथून घ्यायला हरकत नाही. घेतल्याक्षणी त्यावर क्रमांक घाला आणि वहीत जागा, तारीख, भोवतालचा खडक आणि तो सुटा होता की कड्यातला, हे लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की तीन काळे दगड एकमेकांत मिसळतात. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर वीतभर थर आणि दहा मीटरचा कडा फोटोत सारखेच दिसतात.

जीवाश्म कड्यात असेल तर तो तिथेच राहू द्या. तो कोणत्या थरात, कोणत्या बाजूवर, कशाशेजारी पडला आहे यातच त्याची निम्मी माहिती असते, आणि ओढून काढताना ती जाते. पट्टीसह फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश आणि थराचं वर्णन जवळच्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला पाठवा. गुहेतल्या चुन्याच्या झुंबरांना हात लावू नका. ती बऱ्याच ठिकाणी वर्षाला एक-दशांश मिलिमीटरच्या आसपास वाढतात, आणि त्वचेचं तेल लागलं की त्या जागी खनिज बसणं थांबू शकतं.

भूविविधता जपणं म्हणजे सगळीकडे कुंपण घालणं नव्हे. रस्त्यासाठी कापलेल्या टेकड्या आणि जुन्या खाणी यांमुळेच कित्येक ठिकाणी आतले थर दिसतात. तिथे धोका हातोडीपेक्षा वेगळा असतो: खाण कचऱ्याने भरून टाकणं, उतारावर काँक्रीट फासणं, किंवा नुसतं दुर्लक्ष. म्हणून खाण बंद होताना तिची एखादी सुरक्षित भिंत, जिच्यात थर स्पष्ट दिसतात अशी, उघडी राखायचा आग्रह धरावा लागतो. तीही अधूनमधून साफ करावी लागते, कारण भेगांत माती साचते, झुडपं रुजतात आणि काही वर्षांत दगड पुन्हा दिसेनासा होतो.